एवढंसं लेकरू बघायला एवढ्या लांब?

परभणीची लेक

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई, लेकीकडं बेल्जियमला जाऊन आलो. ती लूवेनला शिकते. तिथून ब्रसेल्स रेल्वेनं अर्ध्या तासावर. परत आल्यापासून गल्लीत जो भेटेल तो विचारतो, "काय काय बघितलं?" मी मोबाइल काढून सगळ्यात आधी ब्रसेल्समधल्या शू करणाऱ्या लेकराच्या पुतळ्याचा फोटो दाखवते, आणि प्रत्येक जण एकच शब्द बोलतो, "एवढंच?"

हो, एवढंच. मानेकन पिस त्याचं नाव. तिथल्या बोलीत अर्थ सरळ आहे, शू करणारं पोरगं. उंची साडेपंचावन्न सेंटिमीटर. आपल्या घरातलं पाच-सहा महिन्यांचं बाळ याच्यापेक्षा लांब भरतं. गावाच्या मुख्य चौकातून, ग्राँ प्लासमधून, चालत पाच मिनिटांवर दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यात ते उभं आहे. गर्दी इतकी की आम्हाला आधी नुसत्या पाठी दिसल्या. सासूबाई ठेंगण्या, त्या माणसांच्या कोपराखालून शिरून थेट कठड्यापर्यंत गेल्या.

बारीक पाऊस पडत होता. ते पोर उघडंच, काळसर कांस्याचं अंग पावसानं चकाकत होतं, पोट पुढं काढलेलं आणि तोंडावर कसलाच संकोच नाही. सासूबाईंनी स्वतःची शाल घट्ट ओढून घेतली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्या थंडीत ह्या लेकराला कुणी कुंची पण घालंना का?" शेजारी तिथल्याच एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी लेकीला विचारलं, आजी काय म्हणाल्या? लेकीनं सांगितल्यावर त्या बाई खळखळून हसल्या आणि कठड्यावरच्या पाटीवर बोट ठेवलं. कोणत्या तारखेला पोराला कपडे घालणार, ते त्यावर लिहिलेलं असतं. परवाची तारीख होती.

मग काय, परवा पुन्हा ब्रसेल्स! एक माणूस शिडीवर चढला, त्यानं पोराला निळा अंगरखा आणि टोपी व्यवस्थित बसवली, टोपी दोनदा सरळ केली, आणि खाली उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनीही वाजवल्या. पूर्ण प्रवासात त्या एवढ्या खूश मला दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी दिसल्या नाहीत.

तर विचारायचं असं की, तुमच्यापैकी कुणी असं छोटंसं काही बघायला मुद्दाम गेलंय का? आणि आपल्या मराठवाड्यात असं काय आहे, जे हाताएवढंच आहे पण पाहुणा आला की आपण त्याला धरून घेऊन जातो?

नाथसागर

सासूबाईंना माझा दंडवत सांगा. कुंचीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

दुधना

मी दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानं ब्रसेल्सला गेलो होतो आणि खरं सांगायचं तर निराश झालो. दोन वर्षं त्याचे फोटो बघत होतो, मनात पुतळा माणसाएवढा झालेला. प्रत्यक्षात मान वर करून कोपऱ्यात शोधावं लागलं. सोबतचे दोघं तर फोटो न काढताच निघाले. एकच दिवस हातात असेल तर अटोमियम बघा असं मी म्हणेन. १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेलं, १०२ मीटर उंच, लोखंडाच्या स्फटिकातली अणूंची मांडणी अब्जावधी पटीनं मोठी करून दाखवली आहे. आत शिरून वर जाता येतं. गेल्याचं सार्थक होतं.

हुरडा

आमच्या घरचं दीड वर्षाचं पोरगं दिवसातून आठ वेळा हेच करतंय, अन् ते बी चालू गाडीवर. कुणी रेल्वे करून बघाय येईना ओ!

खडकी

दुधना, अटोमियम भव्य आहे, मान्य. पण ब्रसेल्सची माणसं स्वतःला त्या पोराशी जोडतात, अटोमियमशी नाही. त्याचं कारण त्याच्या इतिहासात आहे.

हे पोर शोभेसाठी नव्हतंच, तो पाणवठा होता. त्या कोपऱ्यावरच्या पाण्याच्या कारंज्याचा उल्लेख पंधराव्या शतकाच्या मध्यातल्या कागदपत्रांत सापडतो. गल्लीतल्या बायाबापड्या तिथं पाणी भरत. गल्लीचं नावसुद्धा स्नानगृहावरून पडलेलं, आपण म्हणू हमामाची गल्ली. १६१९ मध्ये नगरानं झेरोम द्युकेन्वा या शिल्पकाराला कांस्याची नवी मूर्ती करायला सांगितली. म्हणजे पिढ्यानपिढ्या लोक रोज भांडं घेऊन ज्याच्यापुढं उभे राहिले, ते हे लेकरू. जिथं रोज पाणी मिळतं त्या जागेवर माया बसतेच.

आता आमच्या गावाकडं बघा. साधारण त्याच दशकात मलिक अंबर खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणत होता. जमिनीखालून आणलेल्या पाण्यावरच पुढं पाणचक्की फिरली. परभणीच्या ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर पाणचक्की हेच. बीबी का मकबरा पाहुण्यांना दाखवावाच लागतो, पण पाणचक्कीच्या हौदाकाठी वडाखाली बसवलं की पाहुणा गप्प होतो. लहानपणी आम्ही त्या पडणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर घ्यायला उभे राहायचो. आईनं ओढून नेईपर्यंत.

गोलाईवाला

सगळं ठीक हाय, पण पाण्याचा विषय निघालाच हाय तर मला एक सांगू द्या. मी लातूरचा.

हे पोरगं वर्षानुवर्षं पिण्याचं पाणी मुतत होतं. आत पाणी फिरवून परत वापरलं जातंय असं समद्यांना वाटायचं, पण २०१८ च्या सुमाराला मोजमाप केलं तवा कळलं की दिवसाला अडीच हजार लिटरपर्यंत चांगलं पाणी सरळ गटारात चाललंय. आतली जोडणी बिघडलेली होती अन् कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता माझा हिशोब ऐका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्याकडं पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी स्टेशनवर गेलो होतो बघायला. माणसं गाडीला हार घालू लालती, मागं एक बाई पदरानं डोळे पुसत होती. ते पाच लाख लिटर म्हणजे ह्या पोराची २०० दिवसांची शू, दिवसाला अडीच हजार धरलं तर. कसं कौतुक करावं सांगा. आमच्याकडं त्या उन्हाळ्यात भांडी घासलेलं पाणी आम्ही झाडाला घालायचो अन् झाड बी अर्धं वाळलं.

खडकी

गोलाईवाला, तुमचा राग मी समजू शकतो, त्या साली आमच्याकडंही नळाला आठवड्याला पाणी होतं. पण पुढचंही सांगायला हवं. बिघाड कळल्यावर त्यांनी लगेच दुरुस्ती केली. २०१९ पासून तेच पाणी आतल्या आत फिरतं, नवं पाणी वाया जात नाही.

गोलाईवाला

दुरुस्त केलं म्हणता? मग माझा राग निम्मा गेला. चांगलं केलं. कामून तर आपल्याकडं फुटलेली पाइपलाइन महिना महिना तशीच वाहू लालती. मोजून बघणारा एक माणूस पाहिजे ओ प्रत्येक गावाला.

बालाघाट

मला थोडं वेगळं म्हणायचंय. उघडं मूल, तेही शू करताना, हे शहराचं प्रतीक? आमच्या घरी वडीलधाऱ्यांसमोर हा फोटो दाखवायला संकोच वाटेल. कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण सौंदर्य एवढ्यात संपतं का?

सुईदोरा

बालाघाट दादा, मी नांदेडला देवांचे पोशाख शिवते, गेली बावीस वर्षं. माझ्या पुढ्यात रोज उघडे बाळकृष्ण येतात. रांगणारे, एका हातात लोण्याचा गोळा, अंगावर एक धागा नाही. कुणाला त्यात वावगं दिसत नाही. उलट बाई मूर्ती घेऊन येते तेव्हा ती पदरात गुंडाळून आणते, मापं घेताना म्हणते, "ताई, जरा हळू, गार लागंल त्याला." पितळेच्या मूर्तीला! लेकराला उघडं बघितलं की माणसाचा हात आपोआप कपड्याकडं जातो.

मला ह्या पोराच्या कपड्यांबद्दल अजून सांगा कुणीतरी. मूर्तीचा एक हात कमरेवर, एक पुढं, आणि ती हलत नाही म्हणल्यावर अंगरखा मागून उघडाच शिवावा लागत असणार, बंद पाठीवर. आम्ही रांगत्या कृष्णाला तसंच करतो.

परभणीची लेक

सुईदोरा ताई, तुम्ही अगदी माझ्या मनातलं बोललात. आम्ही त्याच्या कपड्यांच्या संग्रहालयातही गेलो होतो. मूर्तीपासून शंभर पावलांवर, २०१७ मध्ये सुरू झालंय. एक हजाराहून जास्त पोशाख आहेत त्याचे! सगळे एकदम मांडता येत नाहीत, थोडे काचेत लावलेले असतात. पहिला पोशाख १६९८ मध्ये बव्हेरियाच्या शासकानं दिला. जपून राहिलेला सगळ्यात जुना १७४७ चा, फ्रान्सच्या पंधराव्या लुईनं दिलेला, जरीचा.

त्या जरीच्या पोशाखाची गोष्ट मला फार आवडली. फ्रेंच सैनिकांनी मूर्ती पळवायचा प्रयत्न केला, गावात संताप उसळला. राजानं लोकांची समजूत काढायला लेकराला भरजरी कपडे तर दिलेच, वर सरदारकीचा मानही दिला. म्हणजे त्यापुढं त्याच्याच सैनिकांना त्या पोरासमोर सलाम करावा लागणार!

आता तर देशोदेशीचे, वेगवेगळ्या व्यवसायांचे पोशाख येतात. आपल्या मनानं नेऊन घालता येत नाही, नगरपालिकेकडं अर्ज करावा लागतो, तिथं ठरतं. जाहिरातीचे किंवा राजकारणाचे कपडे चालत नाहीत.

आमच्या हिनं, म्हणजे लेकीनं, काचेसमोर उभं राहून सासूबाईंना एकेक पोशाख समजावून सांगितला. त्या प्रत्येक वेळी शिवण बघत होत्या, बटणं मोजत होत्या.

हुरडा

एक हजार कपडे! आमच्या बायकोनं हे वाचलं की माझं काय खरं नाही.

मन्याड

चोरीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी कंधारचा आहे.

हे पोर कितीदा पळवलं गेलं, वाचलंय का कुणी? १७४५ मध्ये इंग्रज सैनिकांनी, मग वर सांगितलेले फ्रेंच सैनिक. १८१७ मध्ये एका सुटलेल्या कैद्यानं नेलं, तुकडे सापडले, त्याला जन्माची सक्तमजुरी झाली. आणि १९६५ मध्ये कुणीतरी घोट्यापासून तोडून नेलं. जागेवर फक्त दोन पावलं उरली. पुढच्या वर्षी धड कालव्यात सापडलं. आता गल्लीत उभी आहे ती प्रतिकृती, आणि खरी मूर्ती ग्राँ प्लासवरच्या शहराच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

उरलेल्या दोन पावलांचं वाचलं आणि मला आमचं गाव आठवलं. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातल्या क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे आहेत. पावलं बघूनच छाती दडपते. अख्खी उभी असताना ती केवढी दिसत असेल! पण ती मूर्ती कुणी शोधून परत जोडली नाही. मी शाळेत असताना आम्ही त्या दगडी पावलाच्या बोटांवर बसून डबा खायचो. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं ते काय आहे. मास्तर इतिहास शिकवायचे पॅरिसचा, आणि आम्ही बसलेलो हजार वर्षांपूर्वीच्या अंगठ्यावर.

मला वाटतं फरक मूर्तीच्या आकारात नाही. ब्रसेल्सच्या लोकांनी प्रत्येक वेळी ते पोर शोधून परत आणलं.

नाथसागर

मन्याड, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

वैद्यनाथ

मी अंबाजोगाईचा, सध्या नोकरीसाठी पोलंडमध्ये व्रोत्सवाफला असतो. इथं असं एक नाही, शेकडो आहेत! कांस्याचे बुटके, गुडघ्याएवढेसुद्धा नाहीत. एक पायरीवर झोपलाय, एक बँकेच्या दाराशी पैसे काढतोय. ऐंशीच्या दशकात तिथल्या सरकारविरुद्ध एक गमतीदार चळवळ झाली, नारिंगी पर्याय नावाची. पोरं भिंतींवर बुटके रंगवायची. त्याची आठवण म्हणून २००१ मध्ये एक बुटका बसवला आणि २००५ पासून शहरभर बसवत गेले.

माझी मुलगी सहा वर्षांची. रविवारी थंडीतही बाहेर पडायला तयार, फक्त "बुटका शोधायचा" असं म्हणायचं. खाली वाकून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवते. शेंड्या घासून पिवळ्याधमक झाल्यात लोकांच्या हातांनी. इथं आल्यावर पहिल्या वर्षी तिला घरची फार आठवण यायची, अंबाजोगाईची आजी, योगेश्वरीच्या देवळातली घंटा. ह्या बुटक्यांनी तिला हे शहर आपलं करून दिलं, हे मी अगदी मनापासून लिहितोय.

दुधना

वैद्यनाथ, लेकरांच्या बाबतीत बरोबर आहे. मी एकटा गेलो होतो, घाईत. तेही एक कारण असेल.

गोलाईवाला

जपानच्या त्या कुत्र्याचं कुणी बोललंच नाही. हाचिको. मालक वारला तरी वर्षानुवर्षं स्टेशनवर वाट बघत बसायचा. १९३४ मध्ये त्याचा पुतळा बसवला, तवा हाचिको जित्ता होता. युद्धात धातूसाठी पुतळा वितळवला, १९४८ मध्ये नवा केला. टोकियोत आता "हाचिकोपाशी भेटू" म्हणत्यात.

आमच्याकडं "गोलाईत भेटू" म्हणत्यात. पण गोलाईत भेटायचं म्हणजे कुठल्या कोपऱ्यावर, ते सांगायला अर्धा तास जातो! सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, अन् मधात अंबाबाईचं मंदिर. १९१७ चं बांधकाम. नवा माणूस हमखास दुसऱ्या तोंडाला उभा राहतो. माझं लग्न जमवायला आलेले पाहुणे चौथ्या रस्त्याला उभे होते अन् आम्ही अकराव्याला. दोन तास. शेवटी चहावाल्यानं जमवलं.

हुरडा

मग खरं प्रतीक चहावालाच की!

तगर

उशिरा येतोय, पण ताईंच्या मूळ प्रश्नाला माझ्याकडं पक्कं उत्तर आहे. मी तेरचा. धाराशिव जिल्हा, गोरोबाकाकांचं गाव.

१९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात एक हस्तिदंताची बाईची मूर्ती सापडली. उंची साधारण २४ सेंटिमीटर, म्हणजे ब्रसेल्सच्या पोराच्या निम्मीसुद्धा नाही. भरगच्च दागिने, हात मागं वळलेला, दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं, तेव्हा ही मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जगभर तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणतात.

आणि तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती कुठं सापडल्या? भोकरदनला आणि आमच्या तेरला! जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, आणि तेर म्हणजे तगर. सातवाहनांच्या काळात इथला माल घाट उतरून भडोचला जायचा आणि तिथून जहाजानं रोमन लोकांकडं. म्हणून अभ्यासक पाँपेईच्या मूर्तीचं नातं आपल्या ह्या भागाशी जोडतात.

तेरची ती मूर्ती मला पहिल्यांदा दाखवली आमच्या आजोबांनी. गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे यांनी पावसाळ्यानंतर पांढरीच्या टेकाडावर वर आलेली खापरं, मणी, मूर्ती आयुष्यभर वेचून ठेवल्या. आजोबांनी मला काचेजवळ उचलून धरलं होतं. मी विचारलं, "हिचे पाय कुठंयत?" आजोबा म्हणाले, "तू काचेवर वाफ सोडू नको, मग दिसंल." काच पुसली आणि मी बघत राहिलो. बोटभर रुंदीत कमरेची साखळी कोरलेली, केसांची वीण कोरलेली. कुणा कारागिरानं कसल्या बारीक अवजारानं केलं असेल हे, मी अजून विचार करतो.

ताई, लोक ब्रसेल्सला जाऊन "एवढंच?" म्हणतात. तेरला तर बरेच जण येतच नाहीत. तुळजापूरला जाताना वाट वाकडी करून या.

परभणीची लेक

तगर भाऊ, माझं माहेर जिंतूर, सासर परभणी, लेक परदेशात, आणि मला भोकरदनचं हे माहीत नव्हतं. भोकरदनवरून मी किती वेळा गेले असेन! उसाचा रस प्यायला थांबतो आम्ही तिथं.

बालाघाट

तगर, पाँपेईची लक्ष्मीही वस्त्राशिवायच आहे ना? म्हणजे आपल्याच कारागिरांनी घडवलं आणि मी संकोच करत बसलो होतो. सुईदोरा ताईंचं म्हणणं पटलं. गार लागंल त्याला, हे वाक्य काल दिवसभर डोक्यात होतं.

खडकी

वस्तू लहान पण विसरता न येणाऱ्या, अशा आणखी दोन सांगतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कुठल्याही हरणाकडं बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. बाहेर पडलेल्या माणसाला बोधिसत्त्व पद्मपाणी आठवतो, पण सोबत लेकरू असेल तर ते घरी जाऊन चार हरणं काढतं. माझ्या मुलाच्या वहीत अजून आहेत.

दुसरी, देवगिरीची मेंढा तोफ. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, वळलेल्या शिंगांसह. दमछाक करत वर चढलेलं पोर आधी त्या मेंढ्याच्या नाकावर हात ठेवतं.

आमच्याकडं एकदा एका बागेत सिमेंटचा छोटा बगळा होता, चोचीतून पाणी पडायचं. नाव सांगत नाही गावाचं. रस्ता रुंद करताना तो एका रात्रीत गेला. विचारायला गेलो तर कुणाच्या नोंदीतच नव्हता. बगळा कलाकृती म्हणून साधाच होता, पण माझ्या वयाच्या प्रत्येकाचा त्याच्यासोबत एक फोटो आहे. अजून वाईट वाटतं.

मन्याड

बगळा गेला, हे वाचून आमच्या पावलांची काळजी वाढली. ह्या दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या पोरांना घेऊन मी तिथं जाणार आहे. झाडूनपुसून, बसून, ते काय आहे हे नीट सांगणार आहे. डबा तिथंच खाऊ, पण अंगठ्यावर बसून नाही.

वैद्यनाथ

मन्याड भाऊ, फोटो टाका. माझ्या मुलीला दाखवतो. बुटक्यांच्या गावातून राक्षसाच्या पावलांना नमस्कार!

दुधना

मी जालन्याहून निघतोय रविवारी तेरला, गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. बीडमार्गे. कुणी येणार असेल तर सांगा. तगर, संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार तेवढा एकदा विचारून ठेवा, मागच्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी मी कुलूप बघून परत आलोय.

तगर

उद्या सकाळी स्वतः जाऊन विचारतो आणि इथं लिहितो. जेवण आमच्याकडं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्रिविक्रमाचं मंदिरही बघू, विटांचं आहे, फार जुनं.

गोलाईवाला

तेर आम्हाला जवळच की. मी येतो मोटारसायकलीवर. पाणी माझ्याकडून.

परभणीची लेक

मला ह्या रविवारी जमणार नाही, पण पुढच्या फेरीला नक्की. सासूबाईंना हा सगळा धागा काल रात्री वाचून दाखवला. "आपल्या भोकरदनची बाई इटलीत गेली होती तर," एवढं म्हणाल्या आणि मला पुन्हा वाचायला लावलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. येताना त्यांनी तिथून वीतभर उंचीचं ते पोर विकत आणलंय, आमच्या शोकेसमध्ये पितळी तांब्याशेजारी उभं आहे. आज दुपारी बघते तर शिलाईचा डबा उघडा आणि त्या चष्मा लावून खणाच्या तुकड्याची कुंची शिवत बसलेल्या. हिरवा खण, लाल काठ, आतून मऊ मलमलीचं अस्तर. दोनदा घालून बघितली, पण पोराचं डोकं गुळगुळीत, कुंची मागं सरकते. सुईदोरा ताई, काय करावं?

सुईदोरा

आईंना सांगा, मागं मानेपाशी बारीक चुण्या घालून टाका, आणि हनुवटीखाली बंद लावा, पण बंद कानाच्या रेषेत शिवा, पुढं नको. पुढं लावला की कुंची ओढली जाऊन मागंच घसरते. टोकाला गोंडा लावणार असतील तर हलका लोकरीचा, मण्यांचा नको, जड होतो. उरलेल्या खणाचा तुकडा फेकू नका, त्याच मापात दुपटं होईल.